हत्तीरोगाची स्लाइड 'निगेटिव्ह' आली, पण ती बघणाऱ्याची नजर कोण तपासतं?

रात्रीचे साडेनऊ-दहा वाजलेले असतात. गाव जेवून झोपायच्या तयारीत असतं, तेव्हा आरोग्य कर्मचारी दारोदार फिरून लोकांच्या बोटाला सुई टोचतात आणि काचेच्या स्लाइडवर रक्ताचे थेंब घेतात. नागपूर, भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली या भागात हे दृश्य नवीन नाही. हा हत्तीरोगाचा शोध असतो.

पण हे सगळं रात्रीच का? भारतातला हत्तीरोग जवळजवळ सगळा 'वुचेरेरिया बँक्रॉफ्टी' या जंतामुळे होतो. क्युलेक्स डासांमधून तो पसरतो. त्याची पिल्लं, म्हणजे मायक्रोफायलेरिया, दिवसा फुप्फुसाच्या रक्तवाहिन्यांमध्ये दडून बसतात. रात्री साधारण १० ते २ या वेळेत ती हातापायांच्या रक्तात मोठ्या संख्येने येतात. त्यामुळे दुपारी घेतलेल्या रक्तात काहीच न दिसणं म्हणजे रोग नाही, असं नसतं.

म्हणजे या तपासणीतली पहिली चूक लॅबमध्ये नमुना पोहोचण्याआधीच होऊ शकते. उरलेल्या चुका पुढे होतात. त्या पकडायची जी पद्धत आहे, तिला म्हणतात प्रयोगशाळांचं गुणवत्ता मूल्यांकन.

५०० स्लाइड आणि तीन चुका

हत्तीरोगाच्या भागात दरवर्षी सगळ्यांना सामूहिक औषध दिलं जातं. डीईसी आणि अल्बेंडाझोल, काही जिल्ह्यांत सोबत आयव्हरमेक्टिनही. ही मोहीम कधी थांबवायची याच्या निर्णयात तपासणीच्या आकड्यांना मोठं वजन असतं. निवडलेल्या गावांमध्ये रात्रीच्या रक्तात मायक्रोफायलेरिया असलेल्यांचं प्रमाण १ टक्क्याच्या खाली आलं, तरच पुढच्या टप्प्याचा विचार होतो.

आता एक साधा हिशोब करू. समजा एका गावात ५०० जणांचं रक्त घेतलं आणि खरं तर ७ जणांच्या रक्तात जंतू आहेत. म्हणजे १.४ टक्के. औषध सुरू ठेवायला हवं. पण सूक्ष्मदर्शकावर बसलेल्या तंत्रज्ञाच्या नजरेतून त्यातल्या ३ स्लाइड निसटल्या. अहवालात आकडा जातो ४, म्हणजे ०.८ टक्के. गाव कागदावर पास.

या तीन माणसांना बहुतेक वेळा कसलाही त्रास होत नसतो. मोठे जंत शरीरात ६ ते ८ वर्षं जगतात आणि तेवढा काळ डासांना नवीन पिल्लं पुरवत राहतात. लसिका वाहिन्यांचं आतल्या आत होणारं नुकसान बरंच पुढे दिसायला लागतं. पाय सुजतो, पुरुषांमध्ये अंडवृद्धी होते. पाय एकदा हत्तीच्या पायासारखा झाला की पूर्ववत होत नाही.

भारताने २०२७ पर्यंत हत्तीरोग संपवायचं ठरवलं आहे. जागतिक मुदत २०३० आहे. म्हणजे हे आकडे ज्या स्लाइडवरून येतात, त्या नीट वाचल्या जाणं आत्ता सगळ्यात महत्त्वाचं आहे.

स्लाइड चुकते कुठे?

जाड थेंब घेतल्यावर तो वाळवायचा, पाण्याने त्यातलं हिमोग्लोबिन काढून टाकायचं आणि मग रंग द्यायचा. हिमोग्लोबिन काढायला उशीर झाला तर स्लाइड गढूळ दिसते. रंगाच्या द्रावणाची आम्लता बिघडली तर केंद्रकं उठून दिसत नाहीत. आणि कापसाचा एखादा बारीक धागा स्लाइडवर पडला, तर नवख्या माणसाला तोच वळवळणारा जंतू वाटतो. अनुभवी तंत्रज्ञ शेपटीच्या टोकाकडे बघतो. वुचेरेरियाच्या टोकाशी केंद्रकं नसतात, ब्रुगिया मलायीच्या टोकाशी दोन असतात. धाग्याला अर्थातच यातलं काहीच नसतं.

परीक्षा घेतात कशी?

लॅबची परीक्षा घ्यायची कल्पना तशी जुनी आहे. अमेरिकेत बेल्क आणि संडरमन यांनी पेन्सिल्व्हेनियातल्या लॅबना एकच नमुना पाठवून उत्तरं मागवली. १९४७ मध्ये त्याचे निष्कर्ष छापून आले आणि एकाच नमुन्याची उत्तरं किती वेगवेगळी येतात, ते सगळ्यांना कळलं.

आजही मुख्य पद्धती तीनच आहेत. पहिली याच धर्तीची. उत्तर आधीच माहीत असलेले नमुने लॅबला पाठवायचे आणि अहवाल जुळतो का ते बघायचं. दुसरी फेरतपासणी. लॅबने आधीच वाचलेल्या स्लाइडमधून काही निवडून दुसऱ्या तज्ज्ञाकडे द्यायच्या, पहिला निकाल त्याला न सांगता. तिसरी, प्रत्यक्ष लॅबमध्ये जाऊन काम बघणं.

पहिल्या पद्धतीत एक गोम आहे. परीक्षेचा नमुना आलाय हे लॅबला माहीत असतं. मग तो सगळ्यात हुशार तंत्रज्ञाकडे जातो, दोनदा बघितला जातो, कधी शेजारच्या लॅबला फोनही होतो. रोजच्या ८० स्लाइडच्या ढिगाऱ्यात हे लाड कुणाचेच होत नाहीत. म्हणून हत्तीरोगासारख्या कामात फेरतपासणी जास्त खरं चित्र दाखवते. त्यासाठी अट एकच. निगेटिव्ह स्लाइडही जपून ठेवायच्या. 'काही नाही त्यात' म्हणून त्या धुऊन पुन्हा वापरल्या, तर निसटलेले रुग्ण कायमचे निसटले.

परजीवी आजारांत आणखी एक अडचण आहे. रक्तातली साखर तपासणाऱ्या लॅबसाठी परीक्षेचे नमुने सहज तयार करता येतात. पण पॉझिटिव्ह स्लाइड खऱ्या रुग्णाच्या रक्तातूनच येणार आणि रंगवलेली स्लाइड काळानुसार फिकी पडते. शौचाच्या नमुन्यांचं तर विचारूच नका. 'काटो-काट्झ' पद्धतीत हुकवर्मची अंडी तासाभरातच विरून दिसेनाशी होतात. संगणकावर फोटो पाठवून परीक्षा घेता येते, पण त्यात नजर तपासली जाते, स्लाइड बनवणारा हात नाही.

रोग कमी होतो तशी परीक्षा अवघड

पूर्वी दिवसाला दोन-चार पॉझिटिव्ह स्लाइड दिसणाऱ्या तंत्रज्ञाला आता महिनोन्महिने एकही दिसत नाही. नजरेचा सराव तुटतो. म्हणजे ज्या टप्प्यावर प्रत्येक रुग्ण शोधणं गरजेचं असतं, नेमका त्याच टप्प्यावर शोधणारा सरावात नसतो.

मग रॅपिड टेस्ट वापराव्यात का? वापरल्या जातातच. हत्तीरोगाची एफटीएस पट्टी जंताचं प्रतिजन शोधते, तीही दिवसा. पण ती १० मिनिटांनी वाचायची असते. रांग मोठी आहे म्हणून अर्ध्या तासाने वाचली, तर नसलेली रेघ उमटलेली दिसू शकते. आणि चाचणी चांगली असली तरी गणित बदलत नाही. १,००० मुलांपैकी खरी बाधित ५ आहेत आणि चाचणी १०० निरोगी मुलांमागे एकच चूक करते, असं धरलं तरी सुमारे १० निरोगी मुलं पॉझिटिव्ह ठरतील. खऱ्यांपेक्षा खोटे दुप्पट.

काळा आजाराच्या आरके-३९ पट्टीची तऱ्हा वेगळी. ती प्रतिपिंडं शोधते आणि रुग्ण बरा झाल्यावरही ती बराच काळ रक्तात राहतात. आजार उलटला का, हे ती सांगू शकत नाही. भारतात चांगली चालणारी ही पट्टी पूर्व आफ्रिकेत तितकी भरवशाची ठरलेली नाही. त्यामुळे एका देशात पास झालेली चाचणी दुसरीकडे पुन्हा तपासावीच लागते.

रिपोर्टवरच्या एनएबीएलचा अर्थ काय?

भारतात लॅबला मान्यता देणारी संस्था म्हणजे एनएबीएल. वैद्यकीय लॅबसाठी तिचा आधार आयएसओ १५१८९ हे मानक. मान्यताप्राप्त लॅबला बाहेरच्या मूल्यांकनात भाग घ्यावा लागतो. तशी योजना उपलब्ध नसेल, तर दुसऱ्या लॅबशी नमुन्यांची अदलाबदल करून निकाल पडताळावे लागतात. पण ही मान्यता ऐच्छिक आहे आणि ती सरसकट लॅबला नाही, ठरावीक चाचण्यांना मिळते. साखर आणि थायरॉइडसाठी मान्यता असलेल्या लॅबची मायक्रोफायलेरियाची चाचणी त्या यादीत असेलच असं नाही. कोणत्या लॅबच्या कोणत्या चाचण्यांना मान्यता आहे, ते एनएबीएलच्या वेबसाइटवर लॅबचं नाव टाकून बघता येतं.