‘राजा हरिश्चंद्र’नंतरची तीस वर्षे : नाशिकचे दादासाहेब फाळके (थ्रेड)

दादासाहेब फाळके म्हटले की ३ मे १९१३ हा दिवस आठवतो. गिरगावातील कोरोनेशन सिनेमॅटोग्राफ आणि पडद्यावर ‘राजा हरिश्चंद्र’. परेश मोकाशी यांच्या ‘हरिश्चंद्राची फॅक्टरी’ने ही कहाणी घरोघरी पोहोचवली. परंतु फाळके त्यानंतर सुमारे तीस वर्षे जगले, आणि त्यांच्या कर्तृत्वाचा मोठा भाग मुंबईत नव्हे, नाशिकमध्ये घडला. हा थ्रेड त्या वर्षांविषयी.

पूर्वपीठिका थोडक्यात. ३० एप्रिल १८७० रोजी त्र्यंबकेश्वरी एका शास्त्र्यांच्या घरी जन्म. मुंबईचे जे. जे. कलाविद्यालय, बडोद्याचे कलाभवन, छायाचित्रण, पुरातत्त्व खात्यातील नोकरी आणि मग मुद्रणव्यवसाय. भागीदारांशी मतभेद होऊन तोही सुटला. (हा तपशील लक्षात असू द्या, तो पुढे पुन्हा येणार आहे.) १९११ मध्ये ‘लाइफ ऑफ क्राइस्ट’ पाहिला आणि १९१२ च्या आरंभी विम्याच्या पॉलिसीवर कर्ज काढून त्यांनी लंडन गाठले. विल्यमसन कॅमेरा आणि फिल्मला छिद्रे पाडण्याचे यंत्र घेऊन ते परतले.

त्या काळी कच्ची फिल्म छिद्रांविना येत असे. अंधाऱ्या खोलीत बसून तिच्या कडांना छिद्रे पाडण्याचे काम सरस्वतीबाई फाळके करीत. फिल्म धुणे, रसायने मिसळणे हीही कामे त्यांनी शिकून घेतली. त्याच घरात साठ-सत्तर माणसांचा स्वयंपाकही होत असे. भांडवलासाठी दागिने त्यांचेच गेले. भारतीय चित्रपटाच्या पहिल्या तंत्रज्ञांची यादी करायची झाली, तर त्यांचे नाव दादासाहेबांच्या शेजारीच लिहावे लागेल. आपण मात्र त्यांना ‘साथ देणारी पत्नी’ एवढ्यावरच थांबवतो.

पहिल्या यशानंतर काही महिन्यांतच फाळक्यांनी आपला कारखाना नाशिकला हलवला. पौराणिक चित्रपट काढू इच्छिणाऱ्याला गोदेचा घाट, देवळे, पंचवटी आणि सभोवतीचे डोंगर यांहून सोयीचे स्थळ कोणते असणार? येथेच ‘मोहिनी भस्मासुर’ तयार झाला. ‘हरिश्चंद्र’साठी तारामती मिळेना, म्हणून ग्रँट रोडवरील एका उपाहारगृहातील अण्णा साळुंके या तरुणाला लुगडे नेसावे लागले होते. ‘मोहिनी भस्मासुर’मध्ये मात्र दुर्गाबाई कामत आणि त्यांची कन्या कमलाबाई या दोघी कॅमेऱ्यासमोर आल्या. या कमलाबाई म्हणजे पुढे चंद्रकांत गोखले यांच्या आई आणि विक्रम गोखले यांच्या आजी.

१९१४ मध्ये तीन चित्रपट घेऊन फाळके पुन्हा लंडनला गेले. तेथे कौतुक झाले, काम करण्याचे निमंत्रणही आले, ते त्यांनी नाकारले. परतले तोवर महायुद्ध पेटले होते. कच्ची फिल्म दुर्मीळ झाली आणि भांडवलदारांनी हात आखडता घेतला. १९१७ पर्यंत एकही नवा मोठा चित्रपट निघाला नाही.

मग आला ‘लंकादहन’. यात राम आणि सीता या दोन्ही भूमिका एकट्या साळुंके यांनीच केल्या. तिकिटांची चिल्लर बैलगाडीतून न्यावी लागली, ही आख्यायिका याच चित्रपटाची. ती थोडी अतिशयोक्त मानली, तरी पैसा आला हे खरे, आणि पैशाबरोबर पैसेवालेही आले. १ जानेवारी १९१८ रोजी मुंबईच्या व्यापाऱ्यांच्या भागीदारीत नाशिकला ‘हिंदुस्थान सिनेमा फिल्म्स कंपनी’ उभी राहिली. ‘श्रीकृष्णजन्म’ (१९१८) आणि ‘कालियामर्दन’ (१९१९) हे तिचे आरंभीचे वैभव.

संघर्षही लगेच सुरू झाला. भागीदारांना ठरलेल्या खर्चात आणि ठरलेल्या मुदतीत चित्र हवे होते. फाळक्यांना एखादे दृश्य मनासारखे उतरेपर्यंत थांबायचे नव्हते. चरित्रग्रंथांचा कल हा झगडा कलावंत विरुद्ध व्यापारी असा रंगवण्याकडे असतो. मला ते अर्धसत्य वाटते. लेखन, दिग्दर्शन, छायाचित्रण, रंगभूषा, संकलन हे सारे एकाच माणसाच्या मुठीत असलेला कारखाना वाढणार तरी कसा? फाळक्यांनी माणसे घडवली, पण सूत्रे कोणाच्याही हाती दिली नाहीत. ते कंपनी सोडून काशीला गेले, तेथे ‘रंगभूमी’ हे नाटक लिहिले आणि १९२२ मध्ये पुन्हा त्याच कंपनीत परतले. मालक म्हणून गेलेला माणूस पगारदार म्हणून आला.

दरम्यान काळ बदलत होता. कोल्हापुरात बाबूराव पेंटर सामाजिक विषयांकडे वळले होते. मार्च १९३१ मध्ये ‘आलमआरा’ बोलू लागला. फाळक्यांच्या ‘सेतुबंधन’ या मूकपटाला मागाहून आवाज जोडावा लागला. कोल्हापूर सिनेटोनसाठी त्यांनी ‘गंगावतरण’ (१९३७) हा बोलपट केला, तेव्हा ते ६७ वर्षांचे होते. तो त्यांचा अखेरचा चित्रपट ठरला. दृश्यचमत्कार हे त्यांचे बळ. संवाद ऐकायला आलेल्या प्रेक्षकाला तेवढे पुरेसे नव्हते.

१९३९ मध्ये भारतीय चित्रसृष्टीचा रौप्यमहोत्सव झाला. तिच्या जनकाला तेव्हा स्वतःचे घरही नव्हते. व्ही. शांताराम प्रभृतींच्या पुढाकाराने निधी जमला आणि त्यातून नाशिकच्या गोळे कॉलनीत एक लहानसा बंगला उभा राहिला. युद्धकाळात चित्रपट काढण्यास सरकारी परवाना लागे. सत्तरी ओलांडलेल्या फाळक्यांनी त्यासाठीही अर्ज केला होता, नकार आला. १६ फेब्रुवारी १९४४ रोजी नाशिकमध्येच त्यांचे निधन झाले. त्यांच्या नावाचा पुरस्कार सुरू व्हायला आणखी पंचवीस वर्षे जायची होती.

आणि चित्रपट? नव्वदहून अधिक चित्रपटांपैकी हाती उरले ते मोजके तुकडे. पुण्याच्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाचे पी. के. नायर यांनी फाळके कुटुंबीयांकडे पाठपुरावा करून काही रिळे मिळवली. ‘राजा हरिश्चंद्र’ म्हणून आज आपण जे पाहतो, ते १९१३ चे मूळ चित्र नसून १९१७ मध्ये पुन्हा केलेले असावे, असे अनेक अभ्यासकांचे मत आहे. ही हानी केवळ आपलीच नाही. जपानी अमलाखालील कोरियात ना उन-ग्यू यांनी १९२६ मध्ये काढलेला ‘आरिरांग’ तेथील चित्रपटसृष्टीचा मानबिंदू मानला जातो. त्याचीही प्रत आज उपलब्ध नाही.

‘कालियामर्दन’चा बराच भाग मात्र वाचला आहे. जरूर पाहा. त्यात कृष्ण झाली आहे फाळक्यांची लहानगी मुलगी मंदाकिनी. कथा सुरू होण्यापूर्वी ती आपल्या साध्या रूपात कॅमेऱ्याकडे पाहून एकामागून एक भाव दाखवते, आणि मग त्याच चेहऱ्यातून मुकुटधारी बाळकृष्ण उमटतो.