पहिला ट्रॅक्टर घेताना

लोखंडी नांगराने जमीन नासते, या समजुतीपायी किर्लोस्करांचा १९०३ सालचा नांगर सुरुवातीची दोन वर्षे खपलाच नाही. पुढे १९५९ साली फरीदाबादेत आयशरचा ट्रॅक्टर तयार झाला. १९७४ साली, दुर्गापूरच्या सरकारी संस्थेच्या आराखड्यावरून, पंजाबात स्वराज ७२४ निघाला. त्यानंतर पंधरा-वीस अश्वशक्तीचे लहान ट्रॅक्टरही आले.

देगलूर भागातल्या काळ्या रानात कोळपणी, फवारणी, हलकी ओढणी लहान ट्रॅक्टरवर निभते. खोल नांगरटीला मोठा ट्रॅक्टर भाड्यानं लावावा. कर्जाच्या कागदावर सही करण्याआधी कापूस-तुरीच्या दोन ओळींतलं अंतर मोजा, त्यात चाक बसतं का ते बघा. तेव्हा भीतीपोटी चांगलं अवजार नाकारलं. आता हौसेपोटी नको तेवढं मोठं घेऊ नका.