सिट्रस सिला : ल्यालपूरची नोंद आणि निदानाचा विलंब

संत्रा-मोसंबीच्या नवतीतील रस शोषणारी सिट्रस सिला ही कीड सामान्यतः फवारणीचा विषय मानली जाते. तिच्या अभ्यासाचा इतिहास मात्र निदानाच्या विलंबाचा इतिहास आहे. कुवायामा यांनी १९०८ मध्ये तैवानमधील नमुन्यांवरून तिचे शास्त्रीय वर्णन केले. पुढे १९२७ मध्ये पंजाबातील अफजल हुसेन व दीना नाथ यांनी तिच्यावर सविस्तर प्रबंध प्रसिद्ध केला. झाडे खंगतात, वाळतात, फळे बेचव होतात, असे त्यांनी नोंदविले आणि हा सारा दोष किडीच्या शोषणावर ठेवला.

त्यांचे निरीक्षण अचूक होते. कार्यकारणभाव अपुरा होता. ही लक्षणे बहुधा ग्रीनिंग रोगाची असावीत, असे मत कपूर यांनी १९६३ मध्ये मांडले. हा रोग कलमातून पसरतो, हे चीनमध्ये लिन यांनी १९५६ मध्ये दाखविले होते. सिट्रस सिलाच या रोगाची वाहक आहे, हे पुणे येथील कपूर, राव व विश्वनाथ यांच्या संशोधनाने १९६७ मध्ये पुढे आले. हा फरक केवळ शास्त्रीय नव्हता. कीड निव्वळ रस पिणारी असेल तर तिची संख्या घटविणे पुरेसे ठरते. ती रोगवाहक असेल तर मोजकी पाखरेही बाग बुडवू शकतात. मग निरोगी रोपे, रोगट झाडे काढून टाकणे आणि बांधावरच्या कढीलिंबावर लक्ष ठेवणे (कारण किडीला तोही चालतो) हे सारे व्यवस्थापनात येते.

किडीच्या शत्रूची नोंद तर प्रबंधाहूनही जुनी. ल्यालपूरच्या नमुन्यांवरून वॉटरस्टन यांनी १९२२ मध्ये एका सूक्ष्म गांधीलमाशीचे वर्णन केले. तिची मादी सिलाच्या पिलाखाली अंडे घालते. अळी त्या पिलावरच पोसते. हिंदी महासागरातील रियुनियन बेटावर भारतातून ही माशी नेण्यात आली ती १९७८ मध्ये. तेथे सिला आटोक्यात आली. तिच्या मायदेशी असे यश सहजासहजी मिळत नाही, कारण येथे या माशीलाही तिचे परोपजीवी शत्रू आहेत. बेटावर ते नव्हते. रियुनियनचा दाखला देताना हा भेद अनेकदा वगळला जातो.

ल्यालपूरचे नाव १९७७ मध्ये फैसलाबाद झाले. कॅलिफोर्नियात २०११ च्या डिसेंबरात सोडण्यात आलेल्या माश्यांचे मूळ पाकिस्तानी पंजाबातीलच होते.