धातुसाबणांची स्फटिकरचना आणि क्ष-किरण

जुन्नर व आंबेगाव या तालुक्यांत काळ्या पाषाणात खोदलेल्या ज्या विहिरींचे पाणी दुष्फेन असते, तेथे धुणे धुताना फेसाच्या आधी पांढरा चिकट साका पाण्यावर धरतो. गृहिणीच्या दृष्टीने तो वाया गेलेला साबण. रसायनशास्त्राच्या दृष्टीने मात्र पाण्यातील कॅल्शियम व मॅग्नेशियम यांनी सोडियमची जागा घेऊन बनविलेला धातुसाबण होय. या ओंगळ दिसणाऱ्या द्रव्यास काही अंतर्गत रचना असेल, अशी कल्पना सहजी येत नाही.

१९२३ साली म्यूलर व शिअरर यांनी मेदाम्लांवर क्ष-किरण टाकून दाखविले की त्यांचे रेणू थरांनी रचलेले असतात आणि कार्बनशृंखला लांबते तसतशी थराची जाडी वाढते. धातुसाबणांस हीच कसोटी लावता येण्यासारखी होती.

या इतिहासात मुंबईचाही वाटा आहे. तेथील रॉयल इन्स्टिट्यूट ऑफ सायन्समध्ये १९४० नंतरच्या दशकात डॉ. माताप्रसाद यांच्यासमवेत गजानन हट्टियंगडी यांनी सेंद्रिय द्रवांत साबणांचे जेल कसे बनतात याचा अभ्यास केला. माताप्रसाद यांनी स्वतः सेंद्रिय स्फटिकांचे क्ष-किरण परीक्षण केलेले होते. पुढे हट्टियंगडी अमेरिकेत गेले आणि १९४९ साली रॉबर्ट व्होल्ड यांच्याबरोबर त्यांचा जड धातूंच्या साबणांवरील क्ष-किरण विवर्तनाचा निबंध प्रसिद्ध झाला.

या पद्धतीने कळते ते काय, हे नीट पाहिले पाहिजे. कॅल्शियम स्टिअरेटचा थर सुमारे ५० अँगस्ट्रॉम जाडीचा भरतो. अठरा कार्बनांची शृंखला जवळजवळ २५ अँगस्ट्रॉम लांब असल्याने, मध्यभागी धातूचे आयन व दोहों बाजूंस ताठ उभ्या शृंखला असे चित्र निघते. जस्ताच्या साबणात हे अंतर ४० ते ४३ अँगस्ट्रॉम, म्हणजे तेथे शृंखला कलत्या असाव्यात. परंतु हे अनुमान आहे. चूर्णाच्या छायाचित्रावरून थराची जाडी आणि साबणाची ओळख पटते. धातूभोवती ऑक्सिजन अणू कसे बसले आहेत, हे त्यावरून ठरत नाही. त्यासाठी चांगला एकस्फटिक हवा, आणि लांब शृंखलांचे साबण तो सहसा देत नाहीत. "स्फटिकरचना निश्चित झाली" असे ढोबळ विधान पाठ्यपुस्तकांत आढळल्यास ते सावधपणेच घ्यावे. विसाव्या शतकाच्या अखेरीस आखूड शृंखलेच्या जस्तसाबणांचे एकस्फटिक अभ्यासले गेले, तेव्हा धातूभोवतीची मांडणी प्रत्यक्ष पाहता आली.

दरम्यान लेड स्टिअरेटच्या एकावर एक चढविलेल्या थरांचा उपयोग दीर्घ तरंगलांबीचे क्ष-किरण मोजण्यासाठी होऊ लागला होता.