आईच्या दुधातील ‘घटका’चा शोध : मुंबईतील कर्करोग-संशोधन आणि एफजीएफ-३ या वृद्धिघटक प्रथिनाचा इतिहास

प्रस्तावना :

कर्करोग म्हणजे पेशींची अनिर्बंध वाढ, ही व्याख्या आता शालेय पाठ्यपुस्तकांतही आढळते. परंतु पेशींना वाढण्याचा हुकूम देतो कोण, हा प्रश्न विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत अनुत्तरितच होता. हा हुकूम बाहेरून येतो, की तो शरीरातच असतो? या प्रश्नाचा मागोवा घेणाऱ्या संशोधनाचा एक महत्त्वाचा धागा मुंबईतील परळ येथील प्रयोगशाळांतून गेलेला आहे. स्तनाच्या कर्करोगाचे कारण आईच्या दुधातून लेकीकडे जाते काय, अशी शंका त्या काळी जगभरच्या शास्त्रज्ञांना होती. तिची तपासणी मुंबईतही झाली. या शोधाच्या वाटेवर जे हाती आले ते मात्र अपेक्षेपेक्षा अगदी निराळे होते. ते होते मानवी शरीराचेच एक वृद्धिघटक प्रथिन.

कोयनानगर-पाटण परिसरातील वाचकांना परळ हे नाव परके नाही. गिरणीकामासाठी मुंबईस गेलेल्या सातारा जिल्ह्यातील पिढ्यांची वस्ती याच भागात होती, आणि आजही कठीण दुखण्याचा रुग्ण येथून परळच्या टाटा रुग्णालयात नेला जातो. त्या संस्थेत केवळ उपचारच झाले नाहीत, तर मूलभूत संशोधनही झाले, याची जाणीव मात्र आपल्याकडे कमी आढळते.

उद्दिष्टे :

१) स्तनकर्करोगविषयक मुंबईतील संशोधनाची पार्श्वभूमी स्पष्ट करणे.
२) ‘दुधातील घटक’ या कल्पनेपासून वृद्धिघटक प्रथिनापर्यंतचा प्रवास मांडणे.
३) मानवी कर्करोगातील एफजीएफ-३ या प्रथिनाच्या भूमिकेचे मूल्यमापन करणे.

परळची प्रयोगशाळा आणि डॉ. कमल रणदिवे :

टाटा मेमोरियल रुग्णालय १९४१ मध्ये सुरू झाले. तेथील प्रयोगशाळांची धुरा विकृतिशास्त्रज्ञ डॉ. वसंत रामजी खानोलकर यांच्याकडे होती. पुढे १९५२ मध्ये त्यांच्या पुढाकाराने परळ येथेच इंडियन कॅन्सर रिसर्च सेंटर ही स्वतंत्र संशोधनसंस्था उभी राहिली. १९६६ मध्ये रुग्णालय व संशोधनसंस्था यांचे एकत्रीकरण होऊन टाटा मेमोरियल सेंटर अस्तित्वात आले.

खानोलकरांच्या मार्गदर्शनाखाली १९४९ मध्ये मुंबई विद्यापीठाची डॉक्टरेट मिळविणाऱ्या डॉ. कमल रणदिवे (१९१७-२००१) या मूळच्या पुण्याच्या. हुजूरपागा व फर्ग्युसन महाविद्यालय येथे त्यांचे शिक्षण झाले. डॉक्टरेटनंतर त्या अमेरिकेतील बाल्टिमोर येथे जॉर्ज गाय यांच्या प्रयोगशाळेत ऊतीसंवर्धनाचे तंत्र शिकल्या. शरीराबाहेर, काचपात्रात पेशी जिवंत ठेवून वाढविण्याचे हे तंत्र होय. १९५१ मध्ये ‘हेला’ या प्रसिद्ध पेशींचे संवर्धन याच प्रयोगशाळेत झाले. भारतात परतल्यावर रणदिवे यांनी मुंबईत ऊतीसंवर्धनाची प्रयोगशाळा उभारली. १९६६ ते १९७० या काळात त्यांनी कर्करोग-संशोधन केंद्राच्या संचालकपदाची जबाबदारीही सांभाळली. १९८२ मध्ये त्यांना पद्मभूषण सन्मान प्राप्त झाला.

रणदिवे यांच्या अभ्यासाचा मुख्य विषय उंदरांमधील स्तनकर्करोग हा होता. आनुवंशिकता, संप्रेरके आणि विषाणू यांचा परस्परसंबंध त्या शोधत होत्या. माद्यांमध्ये स्तनाच्या गाठी मोठ्या प्रमाणावर होतात असे उंदरांचे एक वाण या संस्थेत जोपासले गेले व ते संस्थेच्या आद्याक्षरांवरून ‘आयसीआरसी’ या नावाने ओळखले जाऊ लागले. एकाच कारणावर बोट न ठेवता तीन कारणांच्या संगमाकडे पाहण्याची ही दृष्टी पुढे किती योग्य ठरली, हे यथावकाश दिसेल.

दुधातील घटक :

या संशोधनाची पूर्वपीठिका अमेरिकेतील होती. १९३६ मध्ये जॉन बिटनर यांनी दाखवून दिले, की कर्करोगप्रवण वाणाच्या उंदराची पिल्ले जन्मतःच निरोगी वाणाच्या मादीच्या अंगावर पाजली, तर त्यांच्यात गाठींचे प्रमाण बरेच घटते. याचा अर्थ रोगाचे काहीतरी दुधातून जात होते. हे ‘काहीतरी’ म्हणजे उंदरांतील स्तनार्बुदाचा विषाणू होय, हे पुढे सिद्ध झाले.

उंदरात जे घडते ते माणसात घडत असेल काय? मुंबईत या प्रश्नाला विशेष महत्त्व होते. येथील पारशी समाजाच्या स्त्रियांमध्ये स्तनकर्करोगाचे प्रमाण इतर समाजांपेक्षा अधिक असल्याचे टाटा रुग्णालयातील डॉक्टरांच्या ध्यानी आले होते. १९६३ मध्ये सुरू झालेल्या मुंबई कर्करोग नोंदणीनेही त्यास दुजोरा दिला. लहान, आपसांत विवाह करणारा आणि सुशिक्षित असा हा समाज संशोधकांच्या दृष्टीने अभ्यासयोग्य होता.

अमेरिकेतील डॅन मूर यांच्या गटाने मुंबईच्या संशोधकांशी सहकार्य करून मानवी दुधाचे नमुने इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली तपासले. १९७१ मध्ये ‘नेचर’ या नियतकालिकात प्रसिद्ध झालेल्या निबंधाच्या लेखकांत मुंबईच्या डॉ. सत्यवती शिरसाट व जे. सी. पेमास्टर यांची नावे आहेत. भारतात इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाच्या साह्याने कर्करोगाचा अभ्यास करणाऱ्या आरंभीच्या शास्त्रज्ञांत शिरसाट यांची गणना होते. ज्यांच्या घराण्यात हा रोग होता अशा अमेरिकन स्त्रियांच्या आणि पारशी स्त्रियांच्या दुधात उंदरांच्या विषाणूसारखे दिसणारे कण तुलनेने अधिक नमुन्यांत आढळल्याचे या निबंधात नोंदविले होते.

या निष्कर्षाचे गांभीर्य केवळ प्रयोगशाळेपुरते नव्हते. ते खरे ठरले असते, तर लेकीला अंगावर पाजणे हाच धोका ठरला असता. परंतु पुढील तपासात हा समज टिकला नाही. विषाणूसारखे दिसणारे कण म्हणजे विषाणू नव्हे, हे स्पष्ट होत गेले. आईच्या अंगावर वाढलेल्या मुलींमध्ये रोगाचे प्रमाण अधिक असल्याचेही आढळले नाही. मानवी स्तनकर्करोगास असा विषाणू कारणीभूत असल्याचे आजतागायत सिद्ध झालेले नाही. उलट, ३० देशांतील ४७ अभ्यासांच्या २००२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एकत्रित विश्लेषणानुसार, स्तनपानाच्या प्रत्येक १२ महिन्यांमागे आईचा स्तनकर्करोगाचा सापेक्ष धोका ४.३ टक्क्यांनी घटतो. उशिरा विवाह, उशिरा मातृत्व व कमी अपत्ये ही धोका वाढविणारी कारणे आता सर्वमान्य आहेत, आणि पारशी समाजातील अधिक प्रमाणाचा विचारही याच अंगाने केला जातो.

विषाणूकडून वृद्धिघटकाकडे :

मानवी विषाणूचा शोध निष्फळ ठरला, तरी उंदरांचा विषाणू मात्र शास्त्रज्ञांना एका नव्या दारापाशी घेऊन गेला. या विषाणूजवळ कर्करोग घडविणारे स्वतःचे जनुक नसते. तो पेशीच्या गुणसूत्रात शिरतो आणि ज्या जागी बसतो तेथील शेजारचे जनुक जागे करतो. त्याच्या अंगी असलेली ही ‘कळ’ स्टेरॉइड संप्रेरकांमुळे अधिक जोराने दाबली जाते. रणदिवे ज्या संगमाचा शोध घेत होत्या, त्यातील विषाणू व संप्रेरक यांचा सांधा येथे रेणूंच्या पातळीवर उलगडला.

१९८२ मध्ये रोएल नुसे व हॅरल्ड व्हार्मस यांना असे पहिले जनुक सापडले. त्यास ‘इंट-१’ असे नाव मिळाले. १९८३ मध्ये लंडनमधील गॉर्डन पीटर्स, क्लाइव्ह डिक्सन व सहकाऱ्यांनी विषाणू वारंवार येऊन बसतो अशी दुसरी जागा शोधली. तेथील जनुक म्हणजे ‘इंट-२’. १९८७ मध्ये डिक्सन व पीटर्स यांनी या जनुकाच्या प्रथिनाची रचना तपासली, तेव्हा ते फायब्रोब्लास्ट वृद्धिघटक या कुळातील प्रथिनांशी नाते सांगणारे निघाले. म्हणूनच पुढे त्यास एफजीएफ-३ हे नाव देण्यात आले.

वृद्धिघटक म्हणजे पेशीने बाहेर सोडलेले निरोपाचे प्रथिन. ते दुसऱ्या पेशीच्या पृष्ठभागावरील ग्राहीस चिकटते आणि ‘वाढ’ किंवा ‘विभाजित हो’ असा संदेश आत पोहोचवते. रीटा लेव्ही-मॉन्टाल्चिनी व स्टॅन्ली कोहेन यांना अशा पहिल्या प्रथिनांच्या शोधासाठी १९८६ चे नोबेल पारितोषिक मिळाले. विशेष म्हणजे लेव्ही-मॉन्टाल्चिनी यांना चेतावृद्धिघटकाचा पहिला सुगावा लागला तो कोंबडीच्या भ्रूणात रोपलेल्या उंदराच्या कर्कगाठींमुळे, आणि त्याची प्रचीती आली ती ऊतीसंवर्धनाच्या काचपात्रात. कर्करोगाचा अभ्यास आणि निकोप वाढीचा अभ्यास हे असे प्रारंभापासूनच एकमेकांत गुंतलेले आहेत.

मानवी एफजीएफ-३ : आरोप आणि खरे काम :

मानवात हे जनुक अकराव्या गुणसूत्रावर आहे. १९८८ च्या सुमारास असे आढळले, की स्तनाच्या सुमारे १५ टक्के गाठींमध्ये या जनुकाच्या अनेक प्रती तयार झालेल्या असतात. डोके व मान यांच्या कर्करोगांतही हा बदल वारंवार दिसतो. १९९० मध्ये फिलिप लेडर यांच्या गटाने ज्यांच्या स्तनग्रंथीत हे जनुक कृत्रिमरीत्या कार्यरत केले होते अशा उंदरांमध्ये त्या ग्रंथींची अतिरिक्त वाढ झाल्याचे दाखविले. गुन्हेगार सापडला, असे वाटण्याजोगी ही परिस्थिती होती.

तथापि बारकाईने पाहता निराळेच चित्र पुढे आले. मानवी गाठींत या जनुकाच्या प्रती वाढलेल्या असल्या, तरी त्यापासून प्रथिन क्वचितच तयार होते. त्याच भागात सायक्लिन डी-१ हे पेशीविभाजनाचे नियमन करणारे जनुक आहे. त्याच्याही प्रती वाढतात, आणि त्याचे प्रथिन मात्र प्रत्यक्ष निर्माण होते. म्हणजे मानवी स्तनकर्करोगात एफजीएफ-३ हे बहुधा मुख्य आरोपी नसून आरोपीच्या शेजारी राहणारे आहे. उंदरात जे कारण ठरले ते माणसात बव्हंशी केवळ सोबती ठरले.

मग या प्रथिनाचे खरे काम कोणते? १९९३ मध्ये हे जनुक निकामी केलेल्या उंदरांमध्ये आंतरकर्ण व शेपटी यांच्या घडणीत दोष आढळले. २००७ मध्ये तुर्कस्तानातील काही कुटुंबांत या जनुकाच्या दोन्ही प्रती सदोष असलेल्या व्यक्ती जन्मतः कर्णबधिर असून त्यांचा आंतरकर्ण घडलाच नसल्याचे दिसून आले. २३९ अमिनो आम्लांचे हे लहानसे प्रथिन भ्रूणावस्थेत कान घडविण्याचे काम करते. ज्याची ओळख कर्करोगाच्या गाठीत झाली, ते आपल्याला ऐकू यावे म्हणून निसर्गाने योजिलेले आहे.

या इतिहासाचा व्यवहारातील लाभही झाला. मानवात या कुळातील २२ प्रथिने आहेत. त्यांचे ग्राही काही कर्करोगांत बिघडलेले असतात, आणि ते रोखणारी औषधे २०१९ पासून मूत्राशय व पित्तनलिका यांच्या कर्करोगांतील निवडक रुग्णांसाठी अमेरिकेत मान्यता पावली आहेत. एफजीएफ-३ स्वतः औषधाचे लक्ष्य ठरले नाही, तरी त्याच्या शोधामुळे या कुळाकडे कर्करोगाच्या संदर्भात पाहण्यास चालना मिळाली.

समारोप :

वरील विवेचनावरून पुढील निष्कर्ष काढता येतात. पहिला असा, की दुधातील घटक शोधणाऱ्यांना शेवटी शरीरातील घटक सापडला. कर्करोग हा बाहेरून आलेला शत्रूच असतो असे नाही. पुष्कळदा तो आपल्याच वाढीचा हुकूम, चुकीच्या वेळी व चुकीच्या जागी दिला गेलेला असतो. दुसरा असा, की मुंबईतील संशोधक या प्रवासातील केवळ प्रेक्षक नव्हते. त्यांनी वाण जोपासले, तंत्रे आणली, नमुने तपासले आणि आपल्या समाजातील प्रश्न जगापुढे मांडला. तो मानवी विषाणू सिद्ध झाला नाही म्हणून त्यांचे श्रम वाया गेले, असे म्हणता येणार नाही. शंका तपासून खोटी ठरविणे हेही विज्ञानाचे कार्यच होय.

तिसरा निष्कर्ष सामाजिक स्वरूपाचा आहे. २०२२ च्या जागतिक अंदाजानुसार भारतात एका वर्षात स्तनकर्करोगाचे सुमारे १ लाख ९२ हजार नवे रुग्ण आढळले, आणि भारतीय स्त्रियांमध्ये हाच कर्करोग सर्वाधिक आहे. असे असूनही हा रोग स्पर्शाने, उष्ट्याने किंवा दुधाने पसरतो अशी भीती अद्याप अनेक घरांत आढळते. त्या भीतीपोटी गाठ लपविली जाते, रुग्ण स्त्रीचे ताट वेगळे केले जाते आणि उपचाराचा मोलाचा काळ निघून जातो. दुधावरचा संशय शास्त्रज्ञांनी अनेक वर्षे तपासला आणि तो सिद्ध होऊ शकला नाही, ही गोष्ट डोंगरखोऱ्यातील शेवटच्या घरापर्यंत पोहोचविणे हे महाविद्यालयांचे कर्तव्य आहे. आईच्या दुधाने लेकीला रोग दिला नाही, एवढे जरी तेथील सासू-सुनांना निःशंकपणे सांगता आले, तरी परळच्या त्या प्रयोगशाळांचे ऋण काही अंशी फिटेल.