बघ्या आणि साक्षी : सेंट मेरीज नदीवरून जाणारी जहाजं

पाहणं या क्रियेलाही इतिहास असतो, हे आपण या मालेत बघतो आहोत. आजचा विषय कदाचित किरकोळ वाटेल. नदीकाठी एक कॅमेरा लावलेला असतो, तो दिवसरात्र चालू असतो, आणि त्यातून मालवाहू जहाजं जाताना दिसतात. जगभरची माणसं घरबसल्या ती बघत असतात. असे कॅमेरे जर्मनीत एल्ब नदीवर आहेत, इतरत्रही आहेत. मी आज उदाहरण घेणार आहे ते अमेरिका आणि कॅनडा यांच्या सीमेवरून वाहणाऱ्या सेंट मेरीज नदीचं. तिथे नीट बघितलं तर जहाजाच्या मागे दोनशे वर्षांचा इतिहास दिसतो.

आधी भूगोल. सुपीरियर सरोवराचं पाणी या नदीतून ह्यूरन सरोवराकडे जातं. वाटेत सू सेंट मेरी या गावापाशी खडकाळ धावतं पाणी आहे आणि तिथे पातळी सुमारे २१ फूट खाली येते. जहाज काही उड्या मारत उतरू शकत नाही. म्हणून तिथे लॉक आहेत. लॉक म्हणजे दोन्ही बाजूंना दरवाजे असलेला एक प्रचंड हौद. जहाज आत घ्यायचं, दरवाजे लावायचे, पाणी सोडायचं किंवा भरायचं. गंमत म्हणजे यात पाणी चढवायला पंप लागत नाही. वरचं पाणी आपल्याच वजनानं आत येतं, तसंच खाली निघून जातं. १९६८ साली पूर्ण झालेला 'पो' लॉक १२०० फूट लांब आणि ११० फूट रुंद आहे. त्यातून हजार फुटांची, १०५ फूट रुंदीची जहाजं जातात. म्हणजे मुंबईची बारा डब्यांची लोकल शेजारी उभी केली, तर तीच आखूड दिसेल! आणि दोन्ही बाजूंना मोकळी जागा उरते ती फार तर अडीच-तीन फूट.

आता प्रश्न असा, की इतकी मोठी जहाजं इथे आली कशाला? तर लोखंडाच्या दगडासाठी. १८४४ मध्ये सुपीरियरच्या काठच्या टेकड्यांत लोहखनिज सापडलं. त्याआधीच, १८४० साली, कालव्याला मदत मागितली गेली तेव्हा हेन्री क्ले यांनी सेनेटमध्ये त्याची थट्टा केली होती. ही जागा वस्तीच्या पलीकडची, जवळजवळ चंद्रावरची, असा त्यांचा सूर होता. पुढे १८५२ मध्ये काँग्रेसनं या कामासाठी साडेसात लाख एकर जमीन देऊ केली आणि १८५५ मध्ये पहिला मोठा लॉक सुरू झाला. या वाटेनं गेलेल्या खनिजावर अमेरिकेचं पोलाद उभं राहिलं. दुसऱ्या महायुद्धात तर या चिंचोळ्या जागेच्या रक्षणासाठी सैन्य आणि विमानविरोधी तोफा आणून ठेवल्या होत्या, कारण ही एक वाट तुटली असती तर पोलादाचे कारखाने उपाशी राहिले असते.

पण थांबा. १८५५ या वर्षाची दुसरी बाजू कॅमेऱ्यात दिसत नाही. त्या धावत्या पाण्यापाशी ओजिब्वे लोक पिढ्यानपिढ्या राहत होते. जागेचं त्यांचं नाव बावेटिंग, म्हणजे धावत्या पाण्याची जागा. लहान होड्यांत उभं राहून, लांब दांड्याच्या जाळ्यानं ते व्हाइटफिश मासा उपसून काढत. १८२० मध्ये त्यांनी अमेरिकेच्या सरकारला जमीन दिली, पण करारात एक गोष्ट राखून ठेवली : या पाण्यात मासेमारी करण्याचा आणि काठावर मुक्काम करण्याचा कायमचा हक्क. कायमचा म्हणजे किती काळ? पस्तीस वर्षं! १८५५ च्या उन्हाळ्यात लॉक सुरू झाला आणि त्याच वर्षीच्या ऑगस्टमध्ये दुसऱ्या करारानं तो हक्क काढून घेतला गेला. एकाची वाट उघडली तेव्हा दुसऱ्याची बंद झाली. पुढे १८३६ च्या आणखी एका कराराच्या आधारे १९७९ साली संघीय न्यायालयानं या भागातल्या जमातींचा ग्रेट लेक्समधला मासेमारीचा हक्क मान्य केला. पण त्याला तोवर सव्वाशे वर्षं गेली होती.

आता बघणाऱ्यांकडे वळू. जहाजं बघण्याचा छंद कॅमेऱ्याच्या कितीतरी आधीचा आहे. लोक काठावर खुर्च्या टाकून बसत, भोंग्याच्या सलामीची वाट बघत : तीन लांब, दोन आखूड. 'एडमंड फिट्झजेराल्ड' नावाचं ७२९ फुटी जहाज १९५८ मध्ये पाण्यात उतरलं, तेव्हा ते या सरोवरांवरचं सर्वांत मोठं होतं. त्याचे एक कप्तान पीटर पल्सर नदीतून जाताना जहाजावरून संगीत लावत आणि लॉकमध्ये आले की कर्ण्यावरून काठावरच्या लोकांना जहाजाची माहिती सांगत. बघणारा आणि बघितला जाणारा यांच्यात तेव्हा बोलणं होतं, हे लक्षात ठेवा.

हेच जहाज १० नोव्हेंबर १९७५ च्या रात्री सुपीरियरवरच्या वादळात बुडालं. सुमारे २६ हजार टन लोहखनिजाच्या गोळ्या आणि २९ माणसं. कोणीही वाचलं नाही. मागून 'आर्थर अँडरसन' हे दुसरं जहाज येत होतं. फिट्झजेराल्डचे रडार त्या दुपारी बंद पडले होते, म्हणून अँडरसन त्याला रेडिओवरून वाट सांगत होतं. संध्याकाळी सात वाजून दहा मिनिटांच्या सुमारास शेवटचं बोलणं झालं. आम्ही टिकून आहोत, अशा अर्थाचं उत्तर आलं. मग हिमवर्षाव आला, आणि तो ओसरला तेव्हा पडद्यावरचा ठिपका नव्हता.

बुडताना कोणी पाहिलं नाही. म्हणून कारणाचा वाद आजही चालू आहे. तटरक्षक दलाच्या अहवालानं झाकणांतून आत आलेल्या पाण्याला दोष दिला. जहाजमालकांच्या संघटनेनं ते मानलं नाही. जहाज उथळ खडकावर घासलं असावं, असं तिचं म्हणणं. आता बघा, झाकणं नीट लावणं हे जहाजावरच्यांचं काम, आणि खडक नकाशावर नीट दाखवणं दुसऱ्यांचं. साक्षीदार नसला की कारणाबरोबर दोषही असा सरकत राहतो.

तत्त्वज्ञानात हा प्रसंग जुना आहे. रोमन कवी लुक्रेशियस म्हणतो, की काठावर सुरक्षित उभं राहून दुसऱ्याचं समुद्रातलं संकट बघण्यात एक समाधान असतं. दुसऱ्याच्या दुःखाचं नव्हे, आपण त्यात नाही याचं. जर्मन तत्त्वज्ञ हान्स ब्लूमेनबर्ग यांनी १९७९ मध्ये या एका प्रतिमेवर अख्खं पुस्तक लिहिलं. आपल्याकडे सांख्यांचा पुरुष बघतो, करत काही नाही. मुंडक उपनिषदात दोन पक्षी आहेत, त्यातला एक फळ खातो, दुसरा नुसता बघतो. आपण त्याला साक्षी म्हणतो आणि मान देतो. पण मराठीत आणखी एक शब्द आहे : बघ्या. तोही नुसता बघतोच, आणि त्याला आपण मान देत नाही! मग फरक कुठे आहे?

माझ्या मते उत्तर त्याच रात्रीत आहे. अँडरसन तोपर्यंत व्हाइटफिश उपसागराच्या आडोशाला पोचलं होतं. तटरक्षक दलानं विचारलं, शोधायला परत जाल का? कप्तान बर्नी कूपर यांना समोरचं वादळ माहीत होतं, ते त्यातूनच आले होते. तरी ते परत फिरले. 'विल्यम क्ले फोर्ड' हेही आडोसा सोडून बाहेर पडलं. सापडलं काय, तर दोन तुटक्या जीवरक्षक होड्या. माणूस एकही नाही. पण ठिपका नाहीसा झाला हे ज्यानं पाहिलं, त्यानं त्या पाहण्याची जबाबदारी घेतली. साक्षी तो, जो विचारल्यावर उत्तर द्यायला बांधील असतो. न्यायालयातला साक्षीदार आठवा. त्याला मी नुसता बघत होतो असं म्हणून सुटता येत नाही.

मग कॅमेऱ्यातून बघणारे तुम्ही-आम्ही कोण? आपण मदतीला जाऊ शकत नाही, हे उघड आहे. आज आंतरराष्ट्रीय फेऱ्या करणारी मोठी जहाजं आपलं नाव, वेग, दिशा रेडिओनं सतत सांगतात. २००४ च्या अखेरपासून ते त्यांना बंधनकारकच आहे. नाव वाचणं सोपं झालं. पण नावाच्या आत माणसं आहेत. सेंट लॉरेन्सचा जलमार्ग १९५९ मध्ये खुला झाल्यापासून समुद्रावरची जहाजंही इथवर येतात, आणि त्यांच्यावर पुष्कळदा भारतीय खलाशी असतात. कोकणातल्या ज्या घरातला मुलगा बोटीवर आहे, त्या घरच्यांना हे चित्र कधीच नुसतं सुंदर दिसणार नाही. ते वेग बघतील, वारा बघतील, पुढचं बंदर कधी येईल ते मोजतील. म्हणजे बघणं तेच, पण नातं आलं की त्याचा अर्थ बदलतो.

इतिहासाचा अभ्यास मला वाटतं हेच करतो. ज्यांच्याशी आपलं रक्ताचं नातं नाही, त्यांच्याशी तो माहितीनं नातं जोडतो. ते पाणी कोणाचं होतं, जहाजात काय भरलंय, ते कोणी भरलं, आत कोण आहे, हे विचारायला लागलात की तुम्ही बघ्या राहत नाही. फिट्झजेराल्डनंतर खोलीमापक यंत्रं, थंड पाण्यात तग धरायचे पोशाख, कडक तपासण्या आल्या, आणि तेवढं मोठं जहाज या सरोवरांत पुन्हा बुडालेलं नाही. हे का घडलं हा प्रश्न कोणीतरी सोडला नाही, म्हणून ते झालं.

साधारण १५ जानेवारी ते २५ मार्च हे लॉक बंद असतात. तेव्हा कॅमेऱ्यात नुसता बर्फ दिसतो. बाकी काळात जरूर बघा, आणि बघितलेल्या एका तरी जहाजाबद्दल वरचे प्रश्न विचारून या. पुढच्या वेळी त्यांच्यापासूनच सुरुवात करू.