तळटीप १२ : बेहालातील पोस्टरे

१२. बेहाला : दक्षिण कोलकात्यातील वस्ती. बी. एन. सरकारांच्या न्यू थिएटर्सचे (स्थापना १९३१) टॉलीगंज इथून जवळच. या कंपनीची सुरुवातीची पोस्टरे संग्राहक इतक्या जिवापाड का जपतात, हे समजायला न्यू थिएटर्समध्ये लागलेली १९४० ची आग ध्यानात घ्यावी. तीत कितीतरी निगेटिव्ह जळाल्या. प्रभातचा ‘अयोध्येचा राजा’ (१९३२) आज निदान पाहता येतो. ‘आलम आरा’ची (१९३१) ज्ञात प्रत एकही नाही. अशा बोलपटांच्या रंगरूपाचा पुरावा म्हणजे हा कागदच. पोस्टर भिंतीला खळीने डकवत, त्यावरच पुढच्या चित्रपटाचे. त्यामुळे हाती लागते ते बहुधा न डकवलेले, घड्यांवर रंग उडालेले. तो रंग पुन्हा भरू नये, असे आमचे ठाम मत आहे. मागून पातळ कागदाचे अस्तर पुरे. — संपा.